साथीत ड्युटीवर पाठवलेल्यांसाठी जीआर नको, कायदा हवा : आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

पारंबी

मी एका जिल्हा परिषदेत आस्थापनेच्या टेबलावर आहे. कोविडच्या ड्युटीत गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य मिळायचं, त्याचे प्रस्ताव माझ्या हातून वर जायचे. काही मंजूर झाले, काही झाले नाहीत, फाइली आता रेकॉर्डला गेल्या. पण त्या कागदांतून जे दिसलं ते आपल्या आमदारांच्या कानावर घातलंच पाहिजे, आणि साथ नसताना, शांत डोक्याने घातलं पाहिजे, म्हणून हा धागा काढतेय.

आधी मागचं थोडं. २६ मार्च २०२० ला केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. तो आरोग्य सेवेपुरता. नाक्यावरचा पोलीस, घरोघर फिरणारी अंगणवाडी सेविका, शाळेत विलगीकरणात ठेवलेल्यांना डबे पोचवणारा ग्रामपंचायतीचा शिपाई, हे त्यात नव्हते. त्यांच्यासाठी २९ मे २०२० ला राज्याने जीआर काढला. तो जीआर चांगल्या मनाने काढला होता, हे मी आजही म्हणेन. कंत्राटी, मानधनावरचे, बाह्यस्रोतातले, सगळे त्यात धरले होते. अडचण पुढे आली. रुग्णालयात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत तो माणूस ड्युटीवर हजर होता आणि ती ड्युटी कोविडशी संबंधित होती, हे सिद्ध करून द्यायचं होतं. कोणी? तर ज्याच्या घरातला माणूस गेलाय त्याने.

एका फाइलचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी. गावात पहिला रुग्ण सापडल्यावर गल्लीला बांबू बांधले याने, फवारणी केली याने, पॉझिटिव्ह निघालेल्यांच्या दारात पाण्याचे हंडे ठेवले याने. आदेश कोणी दिला? फोनवर. लेखी काहीच नाही. हजेरीपत्रकावर महिनाअखेरीला एकदम सह्या होतात, तशाच झालेल्या. ताप आला तेव्हा आठवडाभर अंगावर काढला, कारण पाणी सोडायला दुसरा माणूस नव्हता. दवाखान्यात नेलं तेव्हा रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं भरलेली. मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया लिहिला गेला.

प्रस्ताव वरच्या कार्यालयातून त्रुटी लावून परत आला. कर्तव्य आदेशाची प्रत जोडा. मग त्याच्या बायकोने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा एक फोटो आणून दिला. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, मागे शाळेची भिंत. मी तो प्रिंट काढून पुरवणी म्हणून लावला. पुन्हा त्रुटी आली : छायाचित्र हा कर्तव्यावर असल्याचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. त्या बाईंना ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ‘मॅडम, मग ते रोज सकाळी जायचे कुठं?’ एवढंच त्या म्हणाल्या.

त्रुटी लावणारा माणूस दुष्ट नव्हता. जीआरमध्ये जे लिहिलंय त्याच्या पलीकडे जायचा त्याला अधिकारच नव्हता, आणि उद्या ऑडिट आलं तर वसुली त्याच्यावर लागली असती. म्हणूनच मला वाटतं की नुसती ‘संवेदनशीलता दाखवा’ म्हणून भागणार नाही. पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर, हेच कायद्याने उलटं केलं पाहिजे. साथ जाहीर झाली, माणूस ड्युटीवर होता, त्याला ती लागण झाली, एवढं दिसलं की ती ड्युटीतच झाली असं धरायचं. नसेल झाली तर सरकारने तसं दाखवून द्यावं.

दुसरी गोष्ट मुदतीची. केंद्राचा तो विमा सुरुवातीला ९० दिवसांचा होता आणि मग मुदतवाढीवर चालला. २४ मार्च २०२१ ला तो संपल्याचं पत्र निघालं. तारीख बघा. दुसरी लाट तेव्हा चढत होती. ओरड झाली म्हणून एप्रिलमध्ये तो पुन्हा चालू झाला. जीव धोक्यात घालणाऱ्याचं संरक्षण असं पत्रापत्रावर नसावं.

तुमचे अनुभव लिहा, पण त्याबरोबर ‘कायद्यात काय शब्द हवेत’ हेही लिहा. शेवटी मसुदा करून प्रत्येकाने आपापल्या आमदाराला द्यायचा आहे.

रानजाई

पारंबीताई, बरं झालं धागा काढलात. मी गटप्रवर्तक आहे, माझ्याखाली वीसच्या आसपास आशा. आमचं दुखणं तुमच्या फाइलीच्याही अलीकडे सुरू होतं. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आहे. कोविडच्या कामाचा केंद्राचा भत्ता होता महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. तेवढ्यावर ती घरोघर जाऊन ताप मोजायची, ऑक्सिजन बघायची, मुंबई-पुण्याहून कोण आलं त्याची नोंद ठेवायची. सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा पथकाला दिवसाला पन्नास घरं. एकच ऑक्सिमीटर पन्नास घरच्या बोटांना लावायचा, सॅनिटायझर संपलं की पदराने पुसायचा. आमच्याकडे मास्क शिवले ते बचत गटाच्या बायकांनी, कापडाचे. पीपीई किट माझ्या आशांनी लस आल्यावर फोटोतच पाहिलं.

१५ जून २०२१ पासून राज्यातल्या जवळपास सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने मिटला तेव्हा १,००० रुपये मोबदल्यात वाढ आणि ५०० कोविड भत्ता. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, तेव्हा माझ्या बायकांना मनापासून आनंद झाला, पेढे वाटले. पण त्यातलीच एक मला म्हणाली, ताई, उद्या परत साथ आली आणि मी गेले तर माझी पोरं काय म्हणून अर्ज करणार? कर्मचाऱ्याची मुलं म्हणून की स्वयंसेविकेची?

तर कायद्यात पदनाम लिहू नका. पदनाम लिहिलं की कोणीतरी सुटतंच. ‘शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या सांगण्यावरून साथीचं काम करणारी कोणतीही व्यक्ती’ असं लिहा. आणि ‘सांगण्यावरून’मध्ये तोंडी सांगणं आणि मोबाइलवरचा मेसेज स्पष्ट धरा. आमचे सगळे आदेश ग्रुपवरच येतात.

अजून एक. लोक अंगावर यायचे. ‘तूच रोग घेऊन फिरतेस’ म्हणून एकीला अंगणातून हाकललं, वही फेकून दिली. त्यासाठी मात्र कायदा झाला.

बाररूम

रानजाईताई म्हणतात तो बदल म्हणजे साथरोग कायद्यातली २०२० ची दुरुस्ती. आधी २२ एप्रिलला अध्यादेश, मग सप्टेंबरमध्ये कायदा. आरोग्य सेवेतल्या माणसावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षं, तपास तीस दिवसांत. चांगली तरतूद आहे. पण ती माणसाने केलेल्या हल्ल्यापुरती. रोगाने केलेल्या हल्ल्याबद्दल त्यात अक्षर नाही.

मूळ कायदा १८९७ चा, फेब्रुवारीतला, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला. अवघी चार कलमं. चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. म्हणजे अधिकाऱ्याला कोर्टापासून संरक्षण दिलं, प्लेगपासून नाही. त्याच साली १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. इतक्या वर्षांत त्या कायद्याने सेवा करताना रोगाने गेलेल्यांकडे वळून पाहिलेलं नाही.

आता पारंबीताईंच्या मुख्य मागणीबद्दल. वकील म्हणून सांगतो, ही मागणी अजिबात जगावेगळी नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि त्यात पहिलीच नोंद होती संसर्गजन्य रोगांची : जिथे संसर्गाचा विशेष धोका आहे अशा कामातून जडलेले. आरोग्य आणि प्रयोगशाळेतली कामं तिथे नावानिशी होती, आणि शेवटी ‘असा विशेष धोका असलेलं इतर काम’ असंही होतं. परिशिष्टातला रोग परिशिष्टातल्या कामात झाला, तर तो कामावरचा अपघात समजायचा. हे सगळं नंतर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतलंय, तत्त्व तेच ठेवून. म्हणजे जे गृहीतक आपण मागतोय ते आपल्याच कायद्यात शंभर वर्षांपूर्वी मान्य झालेलं आहे. फक्त पंचायतीचा शिपाई, आशा, सर्व्हेला जुंपलेला शिक्षक हे त्या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांना तिथे बसवायचं आहे.

राज्याला हे करता येतं का, हा प्रश्न आमदारांचे पीए पहिला विचारतील. येतं. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, राज्याच्या लोकसेवाही. कामगारांची नुकसानभरपाई आणि सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत. केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही असेल तर राष्ट्रपतींची संमती लागेल, तेवढंच. विधी आयोगाचा २८६ वा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तो याच १८९७ च्या कायद्यावर. कायदा अपुरा आहे, दुरुस्त करा किंवा नवा आणा, असंच त्यात म्हटलंय. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

हिशेबनीस

विरोधासाठी विरोध नाही, पण दोन शंका आहेत. एक, पैसा. ५० लाख गुणिले किती, हे आधी कोणालाच सांगता येणार नाही आणि अशा कायद्याला वित्त विभाग हो म्हणणार नाही. दोन, लॉकडाऊनमध्ये सरकारी नोकरांचा पगार निदान चालू होता. भाजीवाला, रिक्षावाला, किराणा दुकानदार, औषधाच्या दुकानातला पोरगा यांनीही धोका पत्करला. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर कोविडने गेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ५०,००० रुपये मिळाले. एकाला पन्नास हजार, एकाला पन्नास लाख, हे सामान्य माणसाला कसं पटवून देणार?

पारंबी

हिशेबनीस, शंका रास्त आहे आणि आमदारही हेच विचारतील, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या काळात सरकारने तुम्हा-आम्हाला एक आदेश दिला होता : घरात बसा. ह्या लोकांना नेमका उलटा दिला : बाहेर पडा, आणि जिथे रोग आहे तिथेच जा. भाजीवाल्याने धोका घेतला हे खरंच, पण भीती वाटली त्या दिवशी गाडी न लावण्याची मोकळीक त्याला होती. पोटाने ती हिरावली असेल, सरकारने नाही. ड्युटी लागलेल्याला ती मोकळीक कायद्यानेच नव्हती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५६ वाचा. नेमून दिलेलं काम करायला अधिकाऱ्याने नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद. आमच्याकडून शिक्षकांना जे ड्युटीचे आदेश गेले त्यांच्या तळाशी हे कलम छापलेलं असायचं. नाकारलं तर तुरुंग, हे ज्या कागदावर ठसठशीत आहे त्याच कागदावर ‘गेलात तर तुमच्या घरच्यांची जबाबदारी आमची’ ही ओळ का नसावी? मला दुसरं काहीच म्हणायचं नाही.

आणि खासगीवाल्यांना कमी मिळालं म्हणून यांनाही कमी द्या, यापेक्षा त्यांच्यासाठीही मागा ना. मी सही करेन. सरकारने ज्याला कामाला लावलं तो सरकारी नसला तरी धरला पाहिजे, हेही मला मान्य आहे. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांना दवाखाना उघडा ठेवायची नोटीस होती, ते गेले, आणि विम्याच्या दाव्यासाठी त्यांच्या पत्नीला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

पैशाचं म्हणाल तर कायमस्वरूपी निधी करून दरवर्षी अर्थसंकल्पात थोडी रक्कम बाजूला टाकता येते. साथ नसेल तेव्हा तो साठतो. ऐन साथीत तिजोरी रिकामी असताना एकदम देण्यापेक्षा ते सोपं नाही का?

मुक्कामी_गाडी

मी सरकारी बसचा ड्रायव्हर. लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायच्या गाड्या चालवल्या. भर मे महिन्याचं ऊन, गाडीत माणसं, त्यांची लहान पोरं, भांड्यांची गाठोडी. पाणी मागायला माणूस केबिनपाशी आला तर त्याला लांब हो कसं म्हणायचं? नाही म्हटलं मी कोणाला.

माझं म्हणणं फक्त व्याख्येपुरतं आहे. ड्रायव्हर-कंडक्टर ड्युटीवर होते हे लॉगशीटवरून सिद्ध होतं. गाडी परत आल्यावर ती आतून झाडून-धुऊन काढणारा, वर्कशॉपमध्ये सीटखाली वाकून काम करणारा मेकॅनिक, कॅश मोजून घेणारा क्लार्क, यांची नावं कुठल्याच लॉगशीटवर नसतात. उलट्या झालेल्या गाड्या त्यांनी धुतल्या आहेत. त्यामुळे ‘प्रत्यक्ष संपर्क’ असा शब्द कायद्यात आला तर हे सगळे बाहेर पडतील. ‘प्रत्यक्ष किंवा वापरलेल्या वस्तू, वाहन, जागा यांच्यामार्फत’ असं काहीतरी टाका. स्मशानात काम करणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे, तेही यातच येतील.

आणि लसीचं. फेब्रुवारी २०२१ ला आघाडीच्या कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली तेव्हा केंद्राच्या यादीत पोलीस, होमगार्ड, तुरुंग कर्मचारी, पालिका कर्मचारी, महसूलवाले होते. बसवाले आणि शिक्षक त्या यादीत नव्हते. वीज कर्मचाऱ्यांना तर मे महिन्यात त्यासाठी आंदोलन करावं लागलं. ज्याला ड्युटी लावली त्याला लस आणि साधनं आधी, हे एकाच व्याख्येने ठरलं पाहिजे. ड्युटीची यादी वेगळी, लसीची वेगळी, भरपाईची वेगळी, असं नको.

लाईनीतली

पोलीस लाईनीत राहते. नवरा हवालदार आहे.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत तीन दिवसांत तीन पोलीस गेले, तिघेही पन्नाशीच्या पुढचे. त्यानंतर पंचावन्नच्या वरच्यांनी घरी थांबावं असं आयुक्तांनी सांगितलं. त्या निर्णयाने किती बायकांना त्या रात्री झोप लागली असेल ते मला माहीत आहे. पण ते तिघं गेल्यावर झालं. वय, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, यांना पुढे पाठवायचं नाही ही गोष्ट साथ जाहीर झाली त्याच दिवसापासून लागू असावी. साहेबाच्या मर्जीवर नसावी.

आणि घरच्यांचा विचार करा. आमची दोन खोल्यांची क्वार्टर. हे ड्युटीवरून आले की जिन्यातच कपडे बदलायचे, बादली मी तिथे ठेवायची. तरी सासूबाईंना लागण झालीच. वाचल्या. ड्युटीवरच्या माणसाकडून घरात गेलेला रोग कोणाच्या खात्यावर? निदान राहायची वेगळी सोय आणि घरच्यांच्या उपचाराचा खर्च, एवढं तरी कायद्यात लिहा.

खडू_फळा

शिक्षक. नाक्यावर गाड्यांच्या नोंदी, रेशन दुकानापाशी गर्दी आवरणं, सर्व्हे, कोविड सेंटरला डेटा एंट्री, सगळं केलं.

१४ दिवसांच्या अटीबद्दल लिहायचं आहे. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मध्ये पंचायत निवडणुका झाल्या. तिथल्या शिक्षक संघटनेने ड्युटी करून गेलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. सरकारकडून आधी आकडा आला ३. एवढा फरक कशाने? निवडणूक ड्युटीवरचा मृत्यू म्हणजे घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचा, असा जुना नियम होता. तो बसखाली किंवा ट्रकखाली येऊन मरणाऱ्यासाठी लिहिलेला. विषाणू त्या वेळापत्रकाने मारत नाही. संतापाची लाट उसळल्यावर तिथे ड्युटीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू धरायचं ठरलं. आपल्याकडेही दुसऱ्या लाटेत, १७ एप्रिल २०२१ ला, पंढरपूरची पोटनिवडणूक झालीच होती.

आमच्या केंद्रातले एक गुरुजी ऑक्सिजनवर पाच आठवडे झुंजून गेले. दाखल होण्याची तारीख धरली म्हणून ते बसले, नाहीतर नसते बसले. म्हणून दिवस मोजायचे ते लक्षणं सुरू झाल्यापासून मागे मोजा, आणि किती मोजायचे ते त्या-त्या रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावर, ठरवा. कोविडला १४ दिवस ठीक होते, पुढच्या रोगाला कदाचित एकवीस लागतील. कायद्यात आकडा गोठवू नका.

वाचलेल्यांचंही विसरू नका. सगळी चर्चा मृत्यूवर चालली आहे. माझ्या ओळखीचे एक जण अजून दोन जिने चढू शकत नाहीत. त्यांची आजारपणाची रजा अर्धपगारी होत होत बिनपगारीवर गेली. ड्युटीत झालेल्या आजाराचे दिवस ड्युटीचेच धरले पाहिजेत.

उंबर

मी कॅलिफोर्नियात नर्स आहे, मूळची सांगलीची. तुम्ही ज्याला गृहीतक म्हणताय ते आमच्याकडे प्रत्यक्षात आलं होतं म्हणून लिहिते. सप्टेंबर २०२० मध्ये इथल्या विधिमंडळाने केलेला एसबी ११५९ हा कायदा. अग्निशमन दलातले, पोलीस, रुग्णालयातले कर्मचारी, यांना कोविड झाला तर तो कामावरच झाला असं धरायचं. मालकाला वाटलं तसं नाही, तर त्याने पुरावा आणून ते खोडायचं. दावा नाकारायला त्याला ३० दिवस. त्या दिवसांत नाकारला नाही तर दावा मान्य झाल्यासारखाच.

मला स्वतःला याचा फायदा झाला, जुलै २०२० मध्ये आजारी पडले होते. मला कोणीही विचारलं नाही की तुला बाजारात झाला असेल कशावरून नाही. माझी शिफ्टची नोंद त्यांच्याकडेच होती, ती त्यांनीच काढली. पारंबीताईंनी लिहिलेल्या त्या बाईंना फोटो घेऊन यावं लागलं हे वाचून मला फार वाईट वाटलं.

पण एक सावधगिरी. हा कायदाही मुदतीचा होता. १ जानेवारी २०२४ ला तो संपला आणि तो होताही फक्त कोविडपुरता. तुम्ही मागताना एका रोगाचं नाव घालून मागू नका.

हिशेबनीस

उंबरताईंचं वाचून माझी एक शंका फिटली. गृहीतक खोडता येतं म्हटल्यावर खोट्या दाव्यांना अटकाव राहतो. कलम ५६ चा मुद्दाही पटला, तो मला माहीत नव्हता. निधीचं कलम मी लिहून देतो. त्याशिवाय विधेयकाबरोबर वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं, त्यात गेल्या वेळी या कामी प्रत्यक्ष किती खर्च झाला ते आकडे लागतील. माहिती अधिकारात वित्त विभागाकडे अर्ज टाकतो आणि उत्तर इथे देतो.

पारंबी

खूप आभार हिशेबनीस. आतापर्यंतचं सगळं घेऊन पत्राचा कच्चा मसुदा टाकतेय. भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे, आमदारांनी गाडीत बसल्या बसल्या वाचावी म्हणून.

*मा. आमदार महोदय/महोदया,*

*साथरोग कायदा किंवा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली साथ जाहीर होताच आपोआप लागू होईल असा राज्याचा कायदा व्हावा, यासाठी आपण विधिमंडळात पुढाकार घ्यावा, ही विनंती. शासन, स्थानिक संस्था किंवा त्यांच्या कंत्राटदाराने लेखी, तोंडी अथवा संदेशाद्वारे साथीच्या कामाला लावलेली प्रत्येक व्यक्ती, तिचं पद, वेतन किंवा मानधन काहीही असो, या कायद्याखाली यावी. अशा व्यक्तीला त्या रोगाची लागण झाल्यास ती कर्तव्यावर झाली असं गृहीत धरावं आणि ते खोडण्याची जबाबदारी शासनावर असावी. चाचणी निगेटिव्ह असूनही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या रोगाचं निदान केलं असेल तर ते ग्राह्य धरावं. मास्क, किट, लस व प्रशिक्षण दिल्याशिवाय कोणालाही बाधित क्षेत्रात पाठवू नये, आणि साधनं नसताना काम नाकारल्यास कलम ५६ खाली किंवा सेवानियमांखाली कारवाई होऊ नये. वयस्क, गरोदर व जुना आजार असलेल्यांना पहिल्या दिवसापासून मागच्या फळीत ठेवावं. आजारपण व विलगीकरणाचे दिवस कर्तव्याचे धरावेत. दाव्याची सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करावी.*

शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते माझ्या टेबलावरून सुचलंय. लोकसेवा हक्काखाली अधिसूचित सेवा असेल तर तिला मुदत लागते, पदनिर्देशित अधिकारी ठरतो, पहिलं-दुसरं अपील, पुढे आयोग. विनाकारण अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दंड लहान आहे, पण कार्यालयात त्याची धास्ती खरी असते. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळतो तो त्यामुळेच. मृत कर्मचाऱ्याच्या वारसाचा दावा त्या दाखल्यापेक्षा खालच्या पंक्तीत का बसवायचा?

लाईनीतली ताई, घरच्यांच्या उपचाराचं कलम मी अजून घातलेलं नाही. ते हवंच आहे, फक्त घरच्यांच्या लागणीला तेच गृहीतक लावायचं की नुसता खर्च द्यायचा, यावर बाररूमदादांचं मत हवं.

बाररूम

घरच्यांना उपचारखर्च आणि राहण्याची सोय, एवढंच ठेवा. गृहीतक तिथपर्यंत ताणलं तर विधेयक तिथेच अडकेल. ‘कर्तव्यावरील व्यक्तीसह एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयांच्या त्या रोगावरील उपचाराचा संपूर्ण खर्च शासन करेल’ असं वाक्य टाका.

साधनं नसताना काम नाकारण्याच्या कलमात ‘लेखी कळवून’ घालू नका. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे कागद नसतो. ‘वरिष्ठास कळवून’ पुरे.

आता पत्र द्यायचं कुठे. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना द्याच, पण विधान परिषदेवर शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले सात आणि पदवीधरांचे सात आमदार आहेत, त्यांना आधी गाठा. हा त्यांचाच मतदार आहे. तारांकित प्रश्नात विचारायचं : कोविड सानुग्रह साहाय्याचे एकूण किती प्रस्ताव आले, किती नामंजूर झाले आणि कोणत्या कारणाने. तो तक्ता एकदा सभागृहाच्या पटलावर आला की विधेयकाचं अर्धं काम होईल. अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, विधेयक सहसा मंजूर होत नाही, पण त्यावर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर नोंदलं जातं.

रानजाई

आमच्या तालुक्याच्या आशांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मसुदा तिथे वाचून दाखवते आणि सह्या घेते. ‘कंत्राटदाराने’ हा शब्द राहू द्याच, अॅम्ब्युलन्सवरची पोरं सगळी कंत्राटातली आहेत. घरच्यांचं वाक्य घालून ताई तुम्ही शेवटची प्रत टाका, म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच मजकूर जाईल.

पारंबी

उद्या संध्याकाळपर्यंत टाकते. सह्या घेताना प्रत्येकीच्या नावापुढे तिने साथीत काय काम केलं ते एका ओळीत लिहून घ्या रानजाईताई. कोणाच्या फोनमध्ये तेव्हाचे ड्युटीचे मेसेज अजून असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, नंबर झाकून. आदेश कसे दिले जात होते हे आमदारांना दाखवायला ते पत्रासोबत जोडू.